पोटाच्या दुखण्याची चाल

नागपुरात 'मेडिकल' आणि 'मेयो' एवढ्याच नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन शासकीय रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग असोत, की महाल, इतवारी, मानेवाडा अशा वस्त्यांतले एका खोलीचे दवाखाने असोत, तेथे रोज येणाऱ्या रुग्णांपैकी बरेच जण पोटाची काही ना काही तक्रार घेऊन येतात, आणि ही तक्रार ऐकून घेण्यात ज्याची वर्षे गेली त्या डॉक्टराच्या मनात एक गोष्ट हळूहळू पक्की होत जाते. पोटाच्या दुखण्याचे गांभीर्य ते किती जोराने दुखते यावरून क्वचितच कळते. ते सुरू कसे झाले, पुढे कोणत्या दिशेने गेले आणि त्यापायी माणसाच्या खाण्यापिण्यात, झोपेत, वजनात काय बदलले यावरून ते बहुधा कळते. या सगळ्याला मिळून दुखण्याची चाल म्हणता येईल. जोरकस दुखण्याने घाबरून मध्यरात्री आलेला माणूस पुष्कळदा सकाळी हसत घरी जातो, आणि 'तसं काही विशेष नाही, बाईनं आणलं म्हणून आलो' असे म्हणणाऱ्याच्या पोटावर हात ठेवला की डॉक्टराचा चेहरा बदलतो.

असे का व्हावे याचे उत्तर पोटातल्या मज्जातंतूंच्या रचनेत आहे. कातडीला टाचणी टोचली तर बोट नेमके त्याच जागी जाते, पण आतड्याच्या भिंतीला कापल्याचे फारसे जाणवत नाही, ताणले गेल्याचे मात्र चटकन जाणवते, आणि तेही पोटाच्या मध्यरेषेवर कुठेतरी, मोघमपणे. म्हणून अडकलेल्या वायूने आतडे तासभर ताणले गेले तर धडधाकट माणूस गडाबडा लोळतो, आणि त्याच आतड्याच्या भिंतीत महिनोन्महिने वाढणारी गाठ, जोवर वाट अडवत नाही तोवर, आपली वर्दीही देत नाही. पोटाच्या पोकळीला आतून जे पातळ अस्तर असते, ज्याला वैद्यकात पर्युदर म्हणतात, त्याचे मज्जातंतू मात्र कातडीसारखे नेमके असतात. त्यामुळे आतल्या अवयवाची सूज या अस्तरापर्यंत पोचली की दुखण्याची जागा बदलते आणि पक्की होते. अपेंडिक्सच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणाऱ्या बोटाएवढ्या नळीच्या, सुजेत हे अगदी स्वच्छ दिसते : आदल्या संध्याकाळी बेंबीभोवती कळ येते, जेवण नकोसे होते, एखादी उलटी होते, आणि सकाळपर्यंत दुखणे उजवीकडे खाली सरकून तेथेच ठाण मांडते. अशा रुग्णाला खोकायला सांगितले तर तो नकळत त्या जागेवर हात दाबून धरतो आणि अर्धवटच खोकतो. पोट साफ झाले की बरे वाटेल या समजुतीने घरच्यांनी एरंडेल पाजून आणलेली अशी मुले विदर्भातल्या प्रत्येक शल्यचिकित्सकाने पाहिलेली आहेत. जुलाबाच्या औषधाने आतड्यातला दाब वाढतो आणि सुजलेली नळी फुटण्याचा धोकाही वाढतो.

रुग्ण दारातून येतो तो मात्र लक्षण घेऊन येत नाही, कारण घेऊन येतो. 'गॅस पकडला जी', 'छातीत गॅस चढून राहिला', 'पित्त झालं', 'कालच्या सावजीनं घात केला', 'गरमी झाली' या वाक्यांमध्ये निदान आधीच होऊन गेलेले असते, आणि डॉक्टराने फक्त त्यावरची गोळी लिहून द्यावी अशी अपेक्षा असते. त्या निदानाला नकार देऊन काही साधत नाही. माणूस दुखावतो आणि पुढचे सांगत नाही. त्यामुळे अनुभवी डॉक्टर मान डोलावतो आणि माणसाला सावकाश मागे नेतो : हे पहिल्यांदा कधी झाले, त्या दिवशी काय काम चालले होते, दुखते ते जागेवर राहते की फिरते, रात्री झोपेतून उठवते काय, जेवल्यावर वाढते की कमी होते, आणि गेल्या दिवाळीला हा त्रास होता काय. दुखण्याची जागा विचारल्यावर हात काय करतो याकडेही लक्ष ठेवावे लागते. जो पूर्ण तळवा पोटावर गोल फिरवतो त्याचे दुखणे बहुधा आतड्याच्या ताणाचे असते; जो एका बोटाच्या टोकाने जागा दाखवतो त्याला पुन्हा झोपवून तपासावे लागते; आणि जो मूठ वळून छातीच्या मधोमध, पोटाच्या वरच्या खोबणीजवळ धरतो त्याचे पोट बाजूला ठेवून आधी ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत आलेख, काढावा लागतो.

या शेवटच्या प्रकारावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण पोटाच्या नावाखाली दगावणाऱ्या माणसांत हृदयाचे रुग्ण असतात आणि ते टाळता येण्याजोगे मरण असते. हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा अडला तर दुखणे छातीत डावीकडे न येता पोटाच्या वरच्या भागात येते, सोबत मळमळ, ढेकर, उलटी असते, आणि हे सगळे अपचनाशी इतके मिळतेजुळते असते की घरात सोड्याचे पाणी, ओवा, इनो यांत मोलाचे तास निघून जातात. मधुमेह्यांत आणि वयस्क स्त्रियांत हे अधिक फसवे असते. त्यांना कळ कमी आणि घाम, दम, अशक्तपणाच अधिक जाणवतो. पूर्वी कधी 'गॅस' नव्हता आणि पन्नाशीच्या आसपास अचानक झाला, चालताना किंवा जिना चढताना होतो आणि थांबल्यावर जातो, सोबत दरदरून घाम सुटतो, जबडा किंवा डावा हात जड होतो, यांपैकी काहीही असले तरी ईसीजीची सोय असलेल्या सर्वांत जवळच्या ठिकाणी त्याच क्षणी जावे. ईसीजी साधा आला आणि त्रास खरोखर पोटाचाच निघाला तर कोणाचेच काही बिघडत नाही, पण याच गोष्टीचा संकोच नागपूरकरांना फार वाटतो, विशेषतः रात्री.

जेवणातल्या तिखटाची बदनामी हा नागपुरातल्या दवाखान्यांचा नित्याचा विषय आहे. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेली सावजी रस्सेदार भाजी, सकाळची तर्री ओतलेले पोहे, भिवापुरी मिरची यांच्यावर पोटाच्या प्रत्येक आजाराचे खापर फोडले जाते, आणि डॉक्टरही 'तिखट बंद करा' एवढे लिहून मोकळे होतात. तिखटाने जळजळ होते, अन्ननलिकेत आम्ल वर येण्याची सवय असलेल्यांना ती जास्त होते, हे खरेच आहे. पण जठरातला व्रण, ज्याला अल्सर म्हणतात, तो मिरचीने होत नाही. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठरात राहतो आणि व्रणाला कारण ठरतो असे दाखवले; मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन आपल्या जठराला सूज आणून दाखवली, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. व्रणाचे दुसरे मोठे कारण वेदनाशामक गोळ्या हे आहे, आणि विदर्भाच्या संदर्भात त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण डायक्लोफेनॅकसारखी गोळी कोणत्याही गावच्या मेडिकल स्टोअरमध्ये दोन-दोन, चार-चार सुटी मिळते आणि गुडघे, कंबर, डोके अशा सगळ्यांवर चालते.

काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यातून आलेल्या एका वयस्क बागायतदाराची हकिकत या दृष्टीने नमुनेदार आहे. त्याची तक्रार पोटाची नव्हतीच. बगिच्यापर्यंत चालत जाताना मधेच बसावे लागते, एवढीच होती. खालची पापणी ओढून पाहिली तर आत लाली नावालाही नव्हती. शौचाचा रंग विचारल्यावर तो म्हणाला, 'काळी होऊन राहिली, पण ते ताकदीच्या गोळीनं असन.' लोहाच्या गोळीने शौच काळी होते हे त्याचे म्हणणे बरोबर होते, मात्र ती गोळी त्याला नुकतीच, अशक्तपणा आल्यानंतर मिळाली होती, आणि काळेपणा त्याच्या आधीचा होता. शौच चिकट आहे काय, पाणी टाकल्यावर भांड्याला धरून राहते काय, तिला वेगळाच उग्र वास येतो काय, या तिन्ही प्रश्नांना होकार आला. जठरात किंवा त्याच्या लगतच्या आतड्यात साधारण ५० ते १०० मिलिलिटर रक्त गेले तरी ते पचून शौच अशी डांबरासारखी काळी होऊ शकते. लोहाच्या गोळीने ती काळसर-हिरवी होते, चिकट होत नाही. सदऱ्याच्या खिशातून निघालेल्या प्लास्टिकच्या पुडीत गुडघ्याची गोळी होती, दिवसातून दोनदा, पावसाळ्यापासून चाललेली. पोटात मात्र एकदाही दुखले नव्हते. वेदनाशामकाने व्रण केला आणि त्याची वेदनाही शमवली. दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे एंडोस्कोपीत, व्रण सापडला, रक्त चढवावे लागले, आणि गुडघ्याची गोळी बंद करण्याचा सल्ला त्याला उपचारातला सर्वांत कठीण भाग वाटला.

पोटातले आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांविषयीही येथेच बोलले पाहिजे. ओमेप्राझोल आणि पँटोप्राझोल या वर्गातली औषधे चांगली आहेत, व्रण भरून काढण्यात त्यांनी क्रांती केली, आणि योग्य रुग्णाला ती दीर्घकाळही द्यावी लागतात. परंतु आज ती प्रत्येक चिठ्ठीवर पहिल्या ओळीला, 'उपाशीपोटी एक' अशी, विचार न करता लिहिली जातात आणि पुढे माणूस स्वतःच्या मनाने ती वर्षानुवर्षे घेत राहतो. जठराच्या कर्करोगाची सुरुवातीची जळजळही या गोळीने काही काळ कमी होते, म्हणून गोळीने बरे वाटले याचा अर्थ आत काही नाही असा होत नाही. दोन-चार आठवडे गोळी घेऊनही त्रास तसाच राहिला, किंवा गोळी सोडली की दर वेळी परत आला, तर गोळीचे नाव बदलून पाहण्याऐवजी तपासणी करून घ्यावी.

गिळण्याच्या त्रासाची चाल फार मंद असते आणि ती रुग्णापेक्षा त्याच्या घरच्यांना आधी दिसते. अन्ननलिकेची वाट अरुंद होऊ लागली की माणूस तक्रार करण्याआधी जेवणाची रीत बदलतो : आधी ज्वारीची भाकर सुटते, मग पोळी वरणात कुस्करून खाल्ली जाते, मग भात पातळ लागतो, प्रत्येक घासामागे पाणी लागते, पंगतीत तो सर्वांत शेवटी उठतो किंवा पंगतीला जाणेच सोडतो. 'दातांमुळे' असे कारण सांगितले जाते. 'आजकाल हे भाकर का खात नाहीत' या पत्नीच्या एका वाक्यावरून निदानाची दिशा सापडते. घन पदार्थ आधी अडकणे आणि नंतर पातळही अडकू लागणे ही चाल अन्ननलिकेत गाठ असण्याची शक्यता दाखवते, आणि तिच्यासाठी चार दिवस वाट पाहण्याचेही कारण नसते.

विदर्भात या विषयाला खर्ऱ्याची जोड आहे. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन घोटलेला हा पदार्थ पानठेल्यावर डोळ्यांदेखत तयार होतो, आणि राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली तरी त्याचे चलन थांबले नाही. सुपारीमुळे तोंडाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साचत जातात, गाल आतून पांढुरके आणि कडक होतात, आणि पहिले लक्षण म्हणून तिखट सोसेनासे होते. पंचविशीतला मुलगा 'ॲसिडिटी वाढली, तर्री खाल्ली की तोंड आगतं' असे सांगत पोटाच्या डॉक्टराकडे येतो. अशा वेळी पोट तपासण्याआधी त्याला त्याचीच तीन बोटे, तर्जनी, मधले बोट आणि अनामिका, एकावर एक धरून उभी दातांच्या मधे घालायला सांगतात. निरोगी तोंडात तीन बोटे सहज मावतात. याच्या तोंडात दोन जेमतेम जातात, तिसरे बोट ओठांवर अडते, आणि मुलगा गोंधळून हसण्याचा प्रयत्न करतो तेव्हा ते हसूही पूर्ण उघडत नाही. या अवस्थेतून तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. खर्रा सोडणे आणि तोंडाची नियमित तपासणी करून घेणे एवढेच तेव्हा हातात असते. पोटाच्या गोळ्यांचा येथे काही संबंधच नसतो.

वजनाचा प्रश्न विचारला की बहुतेक जण 'माहीत नाही' म्हणतात, कारण घरी काटा नसतो. मग दुसऱ्या मार्गाने विचारावे लागते : करदोडा सैल झाला काय, पट्ट्याला नवे भोक पाडले काय, ब्लाऊज बाजूंनी घ्यावे लागले काय, बोटातली अंगठी फिरू लागली काय. खाणे मुद्दाम कमी न करता सहा महिने ते वर्षभरात शरीराच्या वजनाच्या ५ टक्के, म्हणजे ६० किलोच्या माणसात ३ किलो, वजन उतरले असेल तर पोटाच्या साध्या वाटणाऱ्या तक्रारीचाही अर्थ बदलतो. यात कर्करोगाचाच विचार मनात येतो, पण आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग हे कारण तितकेच मनात ठेवावे लागते. लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते त्या उजव्या खालच्या भागात हा रोग बहुधा घर करतो आणि वाट अरुंद करतो. अरुंद वाटेतून अन्न पुढे ढकलण्यासाठी आतडे जोर लावते, तेव्हा पोटात एक गोळा उठतो, सरकतो, गुडगुड असा आवाज होतो आणि मग सुटल्यासारखे वाटते. 'गोळा उठतो' ही आपल्या आज्यांची जुनी तक्रार आहे, आणि ती ऐकून बेंबी बसवून घेण्यासाठी तेल लावून पोट चोळणारेही गावोगाव आहेत. पण गोळ्यासोबत संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरते वजन असेल तर ते वर्णन वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथात शोभेल इतके अचूक असते. या रोगावर औषधे आहेत, ती शासनाकडून मोफत मिळतात आणि सहसा सहा महिने घ्यावी लागतात.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नळाला येणाऱ्या पाण्याचा दाब कमी झाला की फुटक्या जोडण्यांतून गटाराचे पाणी नळात शिरते, तेव्हा आणि पुन्हा पावसाच्या सुरुवातीला, कावीळ येते. दूषित पाण्यातून पसरणारी ए आणि ई या विषाणूंची कावीळ बहुतेकांत विश्रांती आणि साध्या आहाराने आपोआप बरी होते, आणि नेमक्या याच कारणाने काविळीचे झाडपाल्याचे औषध देणाऱ्यांची ख्याती टिकून आहे. जो आजार दहांपैकी नऊ वेळा स्वतःच जातो त्याच्यावर कोणतेही औषध गुणकारी ठरते. अडचण उरलेल्यांची असते. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ई विषाणूची कावीळ जिवावर बेतू शकते, म्हणून गर्भवती स्त्रीचे डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात नेले पाहिजे. कोणत्याही काविळीत माणूस दिवसा झोपू लागला, रात्री जागू लागला, चिडचिड करू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर यकृत हरत असल्याचे ते चिन्ह असते. घरचे त्याला अशक्तपणा समजतात. याउलट वयस्क माणसाला ताप नाही, दुखणे नाही, पण अंगाला खाज सुटते, लघवी गडद आणि शौच मातकट-पांढरी होते, अशी शांत कावीळ असेल तर पित्ताची वाट कुठेतरी अडली आहे, खड्याने किंवा गाठीने, आणि तेथे पथ्य काही करू शकत नाही.

काविळीचे आणखी एक कारण या प्रदेशाचे म्हणावे असे आहे. विदर्भातल्या अनेक आदिवासी आणि इतर समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिले होते. या आनुवंशिक आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर फुटतात, त्यांच्यातून निघालेल्या रंगद्रव्याने डोळे पिवळसर राहतात आणि पित्ताशयात कोवळ्या वयातच खडे होतात. शिवाय या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पोटात असह्य दुखते आणि ते अपेंडिक्ससारखे भासते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून आलेल्या तरुण रुग्णाच्या पोटदुखीत हातपाय आधी कधी असे दुखले होते काय, लहानपणी रक्त चढवले होते काय, घरात कोणाला सिकलसेलचे कार्ड मिळालेले आहे काय, हे विचारण्याची सवय नागपूरच्या डॉक्टरांना म्हणून लागलेली असते. बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टराला ती इथे आल्यावर लावून घ्यावी लागते.

पावसाळ्यातली आणखी एक पोटदुखी अशीच स्थानिक ज्ञानाची आहे. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ येऊन उठतो, उलटी होते, अंगावर कुठे जखम दिसत नाही, आणि काही वेळाने पापण्या जड होऊन मिटू लागतात. हा मण्यार सापाचा दंश असतो. मण्यार रात्री चावते, तिचे दात इतके बारीक असतात की खूण सापडत नाही आणि दंशाची वेदनाही जाणवत नाही. पोटदुखी हे पहिले लक्षण असते आणि श्वासाचे स्नायू लुळे पडणे हे शेवटचे. धानाच्या भंडारा-गोंदिया पट्ट्यात काम केलेल्यांना हे सांगावे लागत नाही, पण गॅसचे इंजेक्शन देऊन घरी पाठवलेल्या अशा रुग्णाला पुन्हा हात लावण्याची संधी मिळत नाही.

हगवण-उलटीविषयी त्या मानाने थोडक्यात बोलता येते. पाण्याची आणि क्षारांची भरपाई हाच उपचार आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनोबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले आणि हे जगाला दिसले. तरीही नागपुरात 'एक बाटल लावून द्या' ही मागणी रोजची आहे. क्षार-साखरेची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची असते; अर्धी पुडी पेलाभर पाण्यात घातली तर ते पाणी फायद्याऐवजी अपाय करते, आणि ही चूक शिकलेल्या घरांतही होते. लघवी सहा-आठ तास झाली नाही, मूल रडते पण डोळ्यांत पाणी येत नाही, पोटात घेतलेले काहीच टिकत नाही, शौचात रक्त आहे किंवा ताप चढतो आहे, तर पुडीवर विसंबू नये. मेळघाटात फुगलेल्या पोटाच्या तान्ह्या मुलाला तापल्या लोखंडाचे चटके देण्याची 'डंबा' नावाची रीत अजून पुरती गेलेली नाही. तिच्यावर टीका करणाऱ्या शहरी घरांत मुलाचे जुलाब थांबवण्यासाठी मोठ्या माणसाची गोळी अर्धी करून दिली जाते, ती तितकीच घातक ठरू शकते हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

शौचावाटे लाल रक्त गेले की घरोघर एकच उत्तर तयार असते, मूळव्याध. बहुतेक वेळा ते बरोबर निघते, आणि म्हणूनच ज्याच्या बाबतीत ते चुकते त्याला फार उशीर होतो. लाजेमुळे रुग्ण तपासू देत नाही, गर्दीमुळे डॉक्टर आग्रह धरत नाही, आणि बोटाने होणारी एका मिनिटाची गुदद्वाराची तपासणी राहून जाते. रक्तासोबत शौचाची जुनी सवय काही आठवड्यांत बदलली असेल, जाऊन आल्यावरही पोट मोकळे वाटत नसेल, शौच बारीक होऊ लागली असेल, वय पंचेचाळीस-पन्नाशीच्या पुढे असेल किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर मोठ्या आतड्याची दुर्बीण करूनच मूळव्याधीवर विश्वास ठेवावा. जाहिरातींच्या भिंतींवरचे 'बिना ऑपरेशन' उपचार घेत वर्ष काढलेले रुग्ण तुकडोजी चौकाजवळच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात पोचतात तेव्हा त्यांच्याजवळ मलमांच्या नळ्यांची पिशवी असते, तपासणीचा एकही कागद नसतो.

या सगळ्यातून जे रुग्ण उरतात त्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्या पोटात काहीही सापडत नाही. आतडे दिसायला निरोगी पण चालीत चिडखोर, अशा या विकाराची ओळख पटवण्यासाठी १९७८ मध्ये मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी निकष मांडले आणि पुढे रोम निकष म्हणून त्यांची सुधारणा होत गेली : दुखणे शौचाशी जोडलेले, कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब, वर्षानुवर्षे तेच, पण वजन स्थिर, रक्त नाही आणि रात्री झोपेतून उठणे नाही. स्पर्धा परीक्षांसाठी खोली घेऊन राहणारी मुले, नव्याने लग्न होऊन आलेल्या मुली, निवृत्तीनंतरचे कारकून यांच्यात तो फार दिसतो. अशा माणसाला 'तुम्हाला काही झालेले नाही' असे सांगणे हा वैद्यकातला आळस आहे. त्याला दुखते हे खरे असते, आणि सोनोग्राफीचा प्रत्येक निर्दोष अहवाल त्याची शंका कमी करण्याऐवजी वाढवतो, कारण मग न सापडलेले काहीतरी आणखी खोल असले पाहिजे असे त्याला वाटते. त्याला दुखण्याची यंत्रणा उलगडून सांगण्यात जी दहा मिनिटे जातात त्यांची भरपाई कोणतीही गोळी करत नाही, आणि शासकीय बाह्यरुग्ण विभागात तीच दहा मिनिटे नसतात.

उशीर का होतो, याचे उत्तर अज्ञान एवढेच देणे सोपे असले तरी ते अपुरे आहे. चंद्रपूरच्या टोकाहून किंवा मध्य प्रदेशातल्या बालाघाट, छिंदवाड्याहून मेडिकलला यायचे म्हणजे दोन रोजी बुडतात, सोबत येणाऱ्याची आणखी दोन. सोयाबीन काढणी किंवा कापूस वेचणी चालू असेल तर दुखणे दसऱ्यावरून दिवाळीवर आणि दिवाळीवरून संक्रांतीवर ढकलले जाते. त्यामुळे येथे काम करणारे जाणते डॉक्टर चिठ्ठीच्या शेवटी औषधांखाली मराठीत आणखी दोन-तीन ओळी लिहितात. पोट ताठ झाले, गॅस आणि शौच दोन्ही बंद होऊन उलट्या लागल्या, रक्ताची किंवा काळी उलटी झाली, चक्कर आली, तर तारखेची वाट न पाहता जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात जावे. काळी शौच, पिवळे डोळे, घास अडकणे दिसले तर त्याच आठवड्यात यावे. आणि काहीच झाले नाही पण त्रास महिनाभर तसाच राहिला तरी हाच कागद घेऊन यावे. कागद घडी करून आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात जातो, आणि तो ज्याला वाचता येतो त्या घरातल्या मुलाला किंवा सुनेला आत बोलावून एकदा मोठ्याने वाचायला लावला जातो.